इतवारीचा नऊ नंबर

साकोलीच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगात
कोपरापर्यंत हात घालून त्यानं ती ओढून काढली:
निळी, बाहीला गंजाचा डाग, पाठीवर 9
आणि त्यावर कुणाचं तरी नाव, इंग्रजीत.
सुखदेवे मास्तरनं बोट फिरवत वाचलं, स्कार्पेल्ली.
इटालीचा असन, म्हणाला.
चाळीस सांगितले, तीसला दिली.

इतवारीचा इटाली व्हायला कितीसा वेळ लागतो.
बोरिंगवर बायाही विचारायच्या,
इटाली आला का गा वावरातून?

मैदान म्हणजे धान निघालेली बांधी.
बांबूचे खांब, वरती दोर.
चेंडू दोरावरून गेला की खालून
यावर दोनदा डोकी फुटली.
मी गोलकीपर.
मला त्याची पाठच दिसायची, लहान होत जाणारी.
तो फारसा पळत नसे. उभा राही
बोडीतल्या बगळ्यासारखा, जणू चेंडूशी काही घेणं नाही,
मग एकदाच.

किरायानं नेत त्याला. लाखांदूर, अर्जुनी,
एकदा तर नदीपलीकडे पार वडसा.
पाचशे रुपये, जेवण,
जिंकले तर बक्षिसाच्या बोकडातलं सेरभर.
पुढच्या इतवारी परत आमच्यात.
गाव रागावलं, तेव्हा विडी विझवत म्हणाला,
पाय तं माये हायेत ना बाप्पा.

त्या साली लाखांदूरकडून आला, आमच्यावर.
पेनल्टी मिळाली त्यांना.
बारा वर्षांत मैदानात पहिल्यांदा
त्याचा चेहरा माझ्यासमोर होता.
तो डावीकडे मारतो, हे मला ठाऊक.
मला ठाऊक आहे, हे त्याला.
मी डावीकडेच पडलो.
चेंडू माझ्या बोटांना लागून गेला.

त्यांचे लोक त्याला उचलायला धावले.
तो नाचला नाही.
धसकटानं सोललेलं माझं कोपर धरून
म्हणाला, माती लाव.

गुडघा गेला तो वडशात,
कुणा पोट्ट्याच्या बुटाखाली.
ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं खर्च सांगितला
आणि आम्ही मोहाचं तेल घेऊन परत आलो.

आता राईस मिलच्या काट्यावर बसतो.
तो वजन सांगतो, मी वहीत लिहितो.
जर्सी अजून अंगात. नाव केव्हाच गळालं,
9 ची शेपटी उडून नुसता शून्य उरला आहे.

परवा भाच्यानं मोबाइलवर शोधला तो माणूस.
विरळ केस, हनुवटीवर खोक.
सोळा वर्षांत अकरा क्लब,
बहुतेक तिसऱ्या दर्जाचे, त्यातले सात उसनवारीवर.
अठ्ठ्याऐंशी गोल. गुडघा.
वरच्या लीगमध्ये दोन सामने,
दोन्ही बदली म्हणून, मिळून एकोणीस मिनिटं.

किरायानंच तं, इतवारी म्हणाला.
आन् त्या एकोणीस मिनटात गोल?
एकही नाही, भाचा म्हणाला.
त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला,
लांब नेला, परत दिला.

मग पोती सुरू झाली.
साठ, दोनशे. एकसष्ट.
एकोणसाठ, आठशे.
संध्याकाळी, एक पोतं काट्यावर डोलत असताना,
आकडा न सांगताच म्हणाला,
एकोणीस मिनटात तं माणूस गरम बी होत नाई गा.