ठिगळ

तंबू परत आले की मी आधी ते हुंगतो.
धूर, रस्सा, पोरांचे मोजे. तेवढं चालतं.
ठिणगीचं भोक गोल असतं, कडा वितळून कडक झालेल्या.
उंदीर कोपऱ्यात कुरतडतो आणि दोरे घेऊन जातो.
बाभळीचा काटा नुसता ओरबाडतो.

हे भोक छताला होतं.
मनगट जाईल एवढं,
उभा धागा, आडवा धागा, एकदमच तुटलेले;
कापडाला ताणून घ्यायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता.
आमच्या कितीतरी पिढ्या मागावर बसल्या,
कापड कशानं गेलं ते बोटांना कळतं.

तंबूच्या तळाला दुसरं भोक.
त्यात माती, साल,
आणि मोहाचं एक सुकलेलं फूल, मनुक्यासारखं.

"कुठं लावला होता बे?"
"खिंडसीच्या अंगाला, काका. मस्त जागा. खाली नुसती फुलं."
"अन् वरतं?"
वरतं कोणी पाह्यलं नव्हतं.

रात्रभर टपटप चालू होतं म्हणे.
मोह तसाच गळतो, पहाटेपर्यंत, एकेक.
पोरं त्या आवाजात झोपली.
वारा नव्हता. पान हलत नव्हतं
(पानंच कुठं होती मार्चात).
वठलेल्या फांदीला वारा लागतो असं थोडंच आहे?
तिचा हिशेब आत कधीपासून चालू असतो
आणि संपतो तेव्हा ती कोणाला उठवत नाही.

"तिथं कुंभलकर झोपला होता ना,
पण तो नेमका लघवीला गेलता!"
चौघं हसले.
पाचवा काउंटरशी उभा राहून
डिपॉझिटच्या नोटा मोजत होता.
सहाच नोटा. पुन्हा पुन्हा.
त्याचं नाव मी विचारलं नाही.

लग्नसराईचे मांडव निघाले, हात मोकळे झाले,
तेव्हा कुठं मे संपताना तो तंबू गच्चीवर उभा केला.
इतवारीची गच्ची, तापलेले पत्रे,
चारी बाजूंनी कूलरची घरघर.
आत जाऊन बसलो. भट्टी नुसती.
घड्याळ बाराच्या थोडं पुढे गेलं
आणि छताच्या भोकातून ऊन सरळ खाली उतरलं,
बरोब्बर तळाच्या भोकात.
वर्षातून दोनदा आमच्या गावात सावली अशी पायाखाली जाते,
त्यातली एक वेळ ढगातच जाते.
उजेडाचा तो खांब मनगटाएवढाच होता.
मी हात पुढे केला.
मग मागे घेतला.

रफू करता आलं असतं.
माझ्या बापानं केलेला रफू
कुठं केलाय ते गिऱ्हाइकाला बोटानं दाखवावं लागायचं.
चंद्रकला म्हणाली, "दिसनार नाही असंच करा जी,
नाहीतं नेईन कोन त्याले?"
मी पिवळ्या रेनकोटचं कापड कापलं.
निळ्या तंबूला पिवळं ठिगळ, वीतभर, जाड दोऱ्यानं.
वर एक. खाली एक.

आता गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवतं,
"फाटका आहे, पन्नास कमी करा."
करतो.
पन्नास रुपयांत त्याला ऐकावं लागतं:
तंबू उघडायच्या आधी, भाऊ,
नुसत्या जमिनीवर उताणा पड.
दगड पाठीला कळतील, ते सोड. वरतं पाह्य.
सगळं झाड फुललं अन् एकच फांदी फुलली नाही,
साल सुटून लोंबते,
नाहीतर तुटून केव्हाची बेचक्यात अडकली आहे,
अशी दिसली की सावलीचा मोह नको करू.
लांब सरक. झाड उंच असलं तं अजून लांब.

बहुतेक जण पावती फाडेपर्यंतच ऐकतात.
पण रात्री आडवं झाल्यावर
खालचं ठिगळ पाठीला टोचतं,
शिवण जाड आहे ना.
ती मला बारीक करता आली असती.