पोचलं का?

टाकीवर चढून डबा बसवला तेव्हा
चेअरमन दाभाडे खालून ओरडले,
वीज पडली तर बिल तुमच्या नावे.
डबा जेवणाचाच. झाकणाला एम-सील,
आत बोटाएवढा रेडिओ, वर वीतभर अँटेना.

दुसरा जनता वसाहतीत, शबाना बागवानच्या पत्र्यावर.
तिसरा दत्तवाडीत खुडेंकडे, पंक्चरच्या दुकानावर.
मध्ये पर्वती आडवी.
तिला वळसा घालायला चौथा लागला.

वर्षभर काय बोललो?
पोचलं का.
पोचलं.
एकदा खुडे: आज पुन्हा शेपू.

मग खडकवासल्यातून पाणी सुटलं त्या रात्री
वीज गेली, टॉवर गेला, फोन नुसते आरसे.
दोन वाजून दहा मिनिटांनी
डब्यातून डब्यात उड्या मारत आलं:
पाणी पाचव्या पायरीला. आई उचलायचीय. दोन माणसं.
देवनागरी अक्षर तिप्पट जागा खातं,
'कृपया' त्यानं गाळलं होतं.

दाभाडेंनी अनवाणीच गाडी काढली.

सकाळी टाकीवर गेलो.
डब्यावर कावळ्याची शीट, अँटेना वाकलेली.
ती सरळ केली, आणि सवयीनं टाइप केलं.

उत्तर शबानाकडून:
म्हातारी इथंय. चहात साखर कमी म्हणते.