पोचपावती

आई वाल्गा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होती.
सुतळीची गाठ मारून झाली की ती खोकं
एकदा फरशीवर आपटायची, मुद्दाम,
आणि कान लावायची.
आत काही खुळखुळलं तर सगळं सोडून पुन्हा.
म्हणायची, हेल्वे, खोकं तुझ्यासमोर उघडत नसतं.

मी तार्तूत, तिसऱ्या मजल्यावर बसून
सुतळीशिवाय बांधते.

माझं मॉड्यूल तसं चिमूटभर.
बर्फाची जाडी सांगा, ते सांगतं
किती टनांची गाडी वरून जाईल.
समुद्र गोठून बेटाकडे रस्ता निघायचा
त्या हिवाळ्यांसाठी लिहिलं होतं.
तसे हिवाळे आता क्वचित.
मॉड्यूल राहिलं.
आवृत्ती ०.०७. 'एक' म्हणायचा धीर झाला नाही कधी.

बांधायच्या आधी दोन याद्या.
एक, आधी काय काय हवं त्याची.
ती आखूड ठेवते, नाकापेक्षा मोती जड नको.
दुसरी, आत काय काय आहे त्याची:
परवाना, 'आधी हे वाचा', चौदा चाचण्या,
आणि बर्फाचे तक्ते.
मग एक हुकूम, सगळं एका गोळ्यात आवळलं जातं.
दुसरा हुकूम, गोळा भांडारात.
तिथून पुढे आरसे. आरसेच म्हणतात त्यांना,
देशोदेशीची यंत्रं, एकमेकांचं बघून भरणारी.
सकाळपर्यंत माझं खोकं
मी न पाहिलेल्या शंभर खोल्यांत असतं.

आणि काही अनोळखी माणसं
झोपायला जाताना जुनी यंत्रं चालूच ठेवतात,
आलेलं प्रत्येक खोकं उघडून बघायला.
पगार नाही, ओळख नाही.
एक शब्द कळवतात: पास.
अकरा वर्षं पास.

मार्चअखेर यलोनाइफहून पत्र आलं.
लोर्ना बोल्यू, सरोवरावरच्या बर्फरस्त्याची तपासनीस.
चार ओळी.
'तुमचं मॉड्यूल वसंतातल्या बर्फालाही
जानेवारीचाच बर्फ समजतं.
काळजी नको, आम्ही आधी भोक पाडून बघतो,
आकड्यावर गाडी घालत नाही.
पण तक्ता खोक्यात नाही. असायला हवा ना?'

होता की! मी उघडून बघितला,
कोवळ्या बर्फाचा तक्ता, माझ्या हाताने भरलेला,
माझ्या यंत्रावर, त्याच्या जागी.
फक्त यादीत त्याचं नाव नव्हतं.
यादीत नाही ते गोळ्यात नाही.
त्याची चाचणीही मी लिहिली होती, पंधरावी.
तीही यादीत नव्हती.
म्हणून सगळीकडे पास.
फाइल घरात होती, म्हणून तर दिसली नाही.
आणि तक्ता सापडला नाही तर गुपचूप
जानेवारीचा वापरायचा,
ही सोयसुद्धा माझीच.

त्या रात्री झोप लागली नाही.
टनांचे आकडे. चाकांखाली
बारीक चिरकत जाणारा पांढरा आवाज.
कुणी भोक न पाडणारं असतं तर?
अकरा वर्षांत असेलही.
त्याचं पत्र मला कोण लिहिणार होतं?

यादीत दोन ओळी वाढवल्या.
ती गुपचूप सोय काढली. आता तक्ता नसेल
तर मॉड्यूल ओरडून थांबतं.
०.०८.

पाठवण्याआधी खाली मैमूकडे गेले.
तिच्या जुनाट लॅपटॉपवर विणकामाचे नमुने
आणि नातवाचे फोटो, माझं काहीच नाही.
हेच हवं होतं.
खोकं तिथे उघडलं.
पंधरा चाचण्या, एकेक करत.
मैमूने विचारलं, 'कान कशाला लावलायस त्याला?'
माझं लक्षच नव्हतं.

लोर्नाचं उत्तर आठवड्याने:
'पोचलं. तक्ता आहे.
रस्ता आम्ही मंगळवारी बंद केला,
काठाला पाणी सुटलंय.
नोव्हेंबरात बघते.'