वाक्यात उपयोग

कोशाच्या कामातली एक चिठ्ठी माझ्या वाट्याला आली,
तीवर सरांचं किरटं अक्षर:
'कुणाच्या लक्षात येऊ न देता आडव्या अंगानं सरकणे.
शब्द द्या. शुक्रवारपर्यंत.'

सटकणे लिहिलं, खोडलं. सटकणाऱ्याला घाई असते.
निसटणे? त्याला आधी कुणीतरी धरलेलं लागतं.
पोबारा तर धूळ उडवतो,
काढता पाय घेणाऱ्याची निदान चप्पल वाजते.
मला हवा होता तो न पळणारा,
भिंतीला पाठ लावून
भिंतीसारखाच दिसू बघणारा.

तालमीत गेलो. आबू वस्ताद
हौद्यातली माती उकरत होते.
"बगलडूब," म्हणाले, "पण त्यो डाव हाय, लेका.
काखंखालनं जायचं ते मागनं धरायसाठी.
तू म्हणतोस त्यो पैलवान न्हाई."

कपिलतीर्थावर मेथी निवडता निवडता जैनबी म्हणाली,
"उधारीचं गिऱ्हाईक कसं जातंय बघ
नारळाच्या गाड्याआडनं.
नजर कोथिंबिरीवर, पाय पल्याडच्या गल्लीत.
आमी म्हंतो, कन्नी कापली."
कन्नी म्हणजे पतंगाची कड.
चांगला शब्द. पण पतंगाला लाज नसते.

पंचगंगेच्या घाटावर खेकडा दिसला.
आडवाच चालतो, पण चोरून नाही,
त्याच्या लेखी तीच सरळ वाट.
खेकडाही खोडला.

गुरुवारी संध्याकाळी पापाच्या तिकटीवर
समोरून दौलू चौगुले येताना दिसला,
चौदा वर्षांनी, तसाच एक खांदा पाडून.
त्याची बायको गेली तेव्हा मी गेलो नव्हतो.
गावातच होतो. सदरा घालून
त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो
आणि परत फिरलो होतो.
आता भांड्यांच्या दुकानातल्या घागरींआड झालो,
कुशीवर, पाऊल पाऊल, श्वाससुद्धा तिरका,
आणि शिरलो शेजारच्या बोळात.

दौलूही शिरला. पलीकडच्या तोंडानं.
मला चुकवायला.
"तुझं अकराशे..." तो म्हणाला.
मला कुठले अकराशे ते आठवेना.
"हौसावैनी..." मी म्हणालो.
पुढचं क्रियापद येईना.

तेवढ्यात गंगावेशीच्या कट्ट्याकडं निघालेली म्हैस
बोळात आली, भरल्या कासेची,
शिंगांनी दोन्ही भिंती मोजत.
आम्ही पोटं आत ओढून चिकटलो,
अंग चोरून, खांद्याला खांदा.

म्हैस मधून गेली. सरळ.
तिची शेपटी दौलूच्या चष्म्याला लागली.
पुसत म्हणाला, "धारंची वेळ झाली. येतोस?"

शुक्रवारी चिठ्ठी दिली. अंग चोरणे.
सरांनी वाचली, पेन कानामागे खोचलं.
"वाक्यात उपयोग?"
मी दाराकडं बघितलं.