सातवी शपथ

बर्फ ओसरलं तसा तार्बी सापडला, पाठीत सुरी.
मग स्वानेतीच्या रीतीनं चर्चमधून चांदीची तसबीर निघाली:
कडेला ओठ टेकून शपथ घ्यायची,
खोटं बोलेल त्याला सकाळ नाही.

सहांना उजाडलं.
सातव्याला, माझ्या बिमुर्झाला, नाही.

देवाच्या काठीला आवाज नसतो, म्हातारे म्हणाले.

भावाला आंघोळ घालून मी निरोपाचा मुका घेतला
आणि माझेच ओठ बधिरले.
बचनाग. आमच्या शेळ्या मरतात त्यानं, ओळखते मी.

किल्ल्या जोकियाकडे. दर शपथेनंतर कड पुसायचा तो,
सातव्याआधी फडकं बदललं.
त्याला मात्र शपथ कुणी घातलीच नाही.

उद्या म्हणेन, काका, आता तुम्ही.
पण जीभ अजून जड आहे,
‘काका’सुद्धा नीट येत नाही.