तीन बार आणि एक नाका

जालन्यातल्या पहिल्या बारात आमचं कुणी ऐकलंच नाही.
टीव्हीवर मॅच होती, आवाज बंद,
तरी सगळे तिकडंच बघत होते.
मुजीबनं बेंजोची तार पिळली, म्हणाला,
वाजव रे दगडू, आपलं आपण ऐकू.

दुसऱ्यात, भोकरदन रोडला,
सरकीच्या एका एजंटानं
एकच गाणं पाच वेळा मागितलं
आणि पाचव्यांदा उठून
मोरीकडं तोंड करून उभा राहिला, बराच वेळ.
जाताना शंभराची नोट
माझ्या ढोलकीच्या दोरीत खोवली.
आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही.

तिसऱ्यात वीज गेली.
मालक म्हणाला, जनरेटर फॅमिली हॉलपुरताच.
अंधारात मुजीब सुरू झाला,
काय वाजवतोय ते त्यालाही ठाऊक नसावं,
मी नुसता मागं मागं,
रात्री तुरीतून पुढच्याच्या खोकल्यावर
चालत राहावं तसा.
वेटर थांबले.
कुणीतरी शेंगदाणे चावायचं विसरलं.
लाईट आली तेव्हा
माझ्या बोटाचं रक्त शाईवर पसरलेलं.

दोनच्या सुमाराला नाक्यावर हवालदारानं लुना अडवली.
पोत्यात काय?
ढोलकी, साहेब.
वाजवून दाखव.
वाजवली, कडाक्याच्या थंडीत.
मुजीबनं बॅरिकेडवर बेंजो ठेवला, न सांगता.
मागं मोसंबीचा ट्रक येऊन उभा राहिला,
ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही.

पैसे वाटायचे ते राहूनच गेले.
त्याचे एकशे ऐंशी रुपये
माझ्याकडं आहेत अजून.
मुजीब मागत नाही.
मीही देत नाही.