पोत्यांच्या मधोमध

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिला सुतळी बॉम्ब
तेजरामच्या पोरानं आमच्याच नालीत फोडला
आणि दोन महिने अकरा दिवसांची माझी पोर
दोन्ही हात फेकून अशी दचकली
जसं कुणी तिला हातातून सोडून दिलं.

रडली, हे मी पाहिलं.
ऐकलं म्हणणं खोटं होईल.
सतरा वर्षं धानाच्या गिरणीत मोटारीशेजारी उभा आहे मी,
बारीक आवाज आता माझ्यापर्यंत येतच नाहीत.
चिमण्या, हातातलं घड्याळ, बायकोचं पुटपुटणं.
(पुस्तकला म्हणते, तेवढं बरं आहे तुमचं.)

सुईण म्हणाली, कानात कापूस घाला.
शेजारणीनं मीठमोहऱ्या उतरवल्या.
सरपंचाचा भाऊ म्हणाला, होऊ द्या की सवय,
उद्या गायगोधन, परवापासून मंडई,
दंडारीचे ढोल, नाटकवाल्यांचा भोंगा,
कोठं कोठं घेऊन पळसान पोरीले?

पुस्तकला तीन रात्रींची जागी.
तिला म्हटलं, तू पड जराशी.
पोरीला तिच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलं.
गिरणीची किल्ली करदोड्याला होतीच.

रस्ताभर धूर, लवंग्यांच्या माळा.
एक तळवा तिच्या कानावर दाबून
दुसऱ्या तळव्यानं ऐकत चाललो:
पाठ थरथरली की रडते आहे,
पाठ ढिली पडली की दम घेते आहे पुढच्या रडण्यासाठी.
मोडकू गोवारी ओट्यावर बसून
ढालीला मोरपिसं बांधत होता.
मोठ्यानं ओरडला, मला ओरडूनच विचारतात सगळे,
"लेकराले कोठं नेतं रे या टायमाले?"
म्हटलं, कामावर.

गिरणीत सेठनं दुपारीच पूजा उरकलेली.
हॉपरवर कुंकवाची पाच बोटं,
मोटारीच्या गळ्यात झेंडूचा हार,
पट्ट्याखाली लाह्या-बत्तासे सांडलेले आणि मुंग्या.
मागच्या गोदामात नव्या धानाची थप्पी छतापर्यंत,
मध्ये एक माणूस कसाबसा मावेल एवढी फट.
तिथं शिरलो, पोरीला घेऊन.

बाहेर गाव फुटत होतं.
आत येत होता तो धानातून गाळलेला
नुसता धप्प. धप्प.
शेजारच्या घरी कुणी गादी झटकावी तसा.
तोही मला अंगानंच कळत होता, पोत्याला टेकल्यामुळं.

तरी तिची पाठ थांबेना.
अंगाई मला येत नाही.
येतं तेच म्हटलं:
मोटार उठताना आधीचं ते कण्हणं,
मग पट्टा एकदा घसरतो,
मग बसतो,
मग ती एकसुरी घुंऽऽ, दिवसाचे दहा तास.
ओठ मिटून छातीतून काढली,
छातीतला आवाज मला माझाही लागतो.

पाठ थांबली.
मी भ्यालो. नाकाशी बोट धरलं.
श्वास होता, कोमट, दुधाच्या वासाचा.

मग आठवलं, पुस्तकला आठव्या महिन्यापर्यंत इथंच होती,
चाळणीखाली बसून कणी वेचत, पोट एका हातानं सावरत.
म्हणजे हिनं माणसांच्या आधी
हीच घरघर ऐकलेली.
जिनं माझे कान खाल्ले
ती हिला मायेची वाटते.
यावर हसावं की काय करावं, कळलं नाही.
सेठला सांगितलं तर पगारातून कापेल.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.
फटीत टॉर्चचा उजेड पडला,
मागं पुस्तकला, पायांत चपला नाहीत.
तिचे ओठ हलले: निजली?
हात पाठीवर होता, मानेनंच हो म्हटलं,
घुं चालू ठेवली.

ती समोरच्या पोत्याला टेकून खाली बसली
आणि आणखी काहीतरी बोलली, बरंच लांब,
अर्धं माझ्याकडं बघून, अर्धं पोरीकडं.
काय, ते विचारलं नाही.
विचारायला मोटार बंद करावी लागली असती.